पलीकडं म्हणजे कुठं?

सांगलीच्या तार कचेरीत माझी नोकरी. दुसऱ्यांच्या घरातली मरणं रोज माझ्या हातून जातात. यंत्र टिकटिकतं, आपण एकेक इंग्रजी अक्षर कागदावर उतरवायचं, आणि शब्द पुरा होईपर्यंत त्याचा अर्थ मनाशी येऊ द्यायचा नाही, अशी सवय होऊन गेली आहे. त्या सकाळी साताऱ्याहून मिरज भागातल्या एका खेड्यासाठी तार आली. एम, ए, जी, डी… मगदूम. आमच्या भागात मगदूम पुष्कळ. पण पुढचा शब्द ‘मास्टर’ निघाला आणि माझा हात तिथंच थांबला. साताऱ्याच्या माणसाला वाटलं लाइन तुटली; त्यानं बिचाऱ्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. म्हणून मगदूम सर गेल्याची बातमी मला दोनदा ऐकावी लागली, आणि स्वतःच्या अक्षरात लिहून घ्यावी लागली.

याला आता काही आठवडे झाले. दुःख आहेच, पण खरं सांगते, दुःखापेक्षा मला शिसारी जास्त येते आहे. शिसारी हा शब्दही सरांचाच. राग, संताप असले शब्द ते वापरत नसत. नको ते पाहिलं की नाक आक्रसून म्हणायचे, “शिसारी येती मला.” कशाकशाची यायची, ते आता सांगायला ते नाहीत, म्हणून मी सांगते.

मी पलूसकडची. वडील फौजेत, घरचा ऊस चुलते बघायचे. मॅट्रिकला गणितात कशीबशी सुटले आणि सांगलीच्या एका कॉलेजात प्री-डिग्री कॉमर्सला आले. कॉलेजचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर त्यांना फुकटची जाहिरात व्हायची. तिथं गणित सक्तीचं होतं आणि सहामाहीत नापास झालेल्यांसाठी एक जादा तास ठेवलेला होता. वेळापत्रकात त्याचं नाव ‘उपचारात्मक वर्ग’. पोरांनी त्याचा ‘दवाखाना’ करून टाकला. सायकल स्टँडच्या मागं पत्र्याची एक खोली होती, तिथं आम्हाला बसवत. वाटेत कुणी ना कुणी विचारायचंच, “काय, दवाखान्यात का? आज सुई का नुसत्या गोळ्या?” विचारणाऱ्यांत प्राध्यापकही असत. हा तास कुणालाच नको असायचा, म्हणून तो सगळ्यांत नव्या, हंगामी माणसाच्या गळ्यात मारलेला. तेच मगदूम सर. कर्नाटकाच्या हद्दीलगतच्या खेड्यातले, जैन शेतकऱ्याच्या घरचे, आईला अव्वा म्हणणारे. उंच, काळेसावळे, बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट आणि पायात कोल्हापुरी. एम.एस्सी. झालेले, पण वर्गात आमच्यासारखंच बोलायचे. प्राध्यापकांच्या खोलीत याचीही चेष्टा होत असे.

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर अर्धा अधिक एक तृतीयांश एवढंच लिहिलं आणि प्रत्येकाला उत्तर विचारलं. मी म्हणाले, “दोन पंचमांश.” जवळजवळ सगळ्यांचं तेच होतं. ते हसले नाहीत, फुलीही मारली नाही. “कसं काढलंस, सांग की.” वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले, मी सांगितलं. “का?” आता, उत्तर बरोबर आलं तर कुणी ‘का’ विचारत नाही, आणि चुकलं तर नुसतं ‘बस’ म्हणतात. मला पहिल्यांदाच कुणी ‘का’ विचारत होतं. मी भीत भीत म्हणाले, “एका चाचणीत दोनपैकी एक मार्क पडला, दुसरीत तीनपैकी एक पडला, तर पाचपैकी दोनच झाले की, सर.”

सर टेबलाच्या कोपऱ्यावर टेकले. “हे बराबर हाय,” ते म्हणाले. “मार्कांचं आसंच आसतंय. पर मी मार्क इचारले न्हाईत, भाकरी इचारली. अर्धी भाकरी खाल्लीस. वर आनि एक तिसरा हिस्सा खाल्लास. आनि म्हंतीस दोन पंचमांश झाली. दोन पंचमांश तर अर्ध्याहून कमी. खाल्लेली भाकरी पोटात जाऊन कमी कशी झाली गं?” सगळा वर्ग हसला, मीही हसले. त्या पत्र्याच्या खोलीत मी हसेन असं मला त्याआधी कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

त्यानंतर रोज एक चूक. जतकडचा बिरू म्हणून एक मुलगा होता, मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातला. शून्य पॉइंट एक दोन पाच हे शून्य पॉइंट पाचपेक्षा मोठं, असं तो शपथेवर सांगायचा. “सर, एकशे पंचवीस थोर का पाच थोर?” सर म्हणायचे, “तुला ‘पॉइंट एकशे पंचवीस’ आसं वाचाय कुणी शिकिवलं?” “मास्तरांनी.” “मग तुजी चूक न्हवं गड्या. तू वाचलंस त्यापरमानं बराबरच हाईस.” आणि मग रुपयाचे तुकडे करत करत दशांश कुठवर बारीक होतो ते दाखवायचे. क अधिक ख कंसाचा वर्ग म्हणजे क वर्ग अधिक ख वर्ग, हे तर आम्ही सगळेच लिहीत होतो. सरांनी जमिनीचा एक चौरस तुकडा काढला, कोपऱ्यांतले दोन लहान चौरस खडूनं भरले आणि विचारलं, “हे तुमचं क वर्ग, हे ख वर्ग. मग ह्या राहिलेल्या दोन पट्ट्या कुनाच्या? भावकीनं न्हेल्या का?” बांधाचं भांडण नाही असं आमच्यापैकी एकाचंही घर नव्हतं. ते सूत्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. क्ष अधिक सहा भागिले सहा असलं की वरचा सहा आणि खालचा सहा काटून नुसता क्ष उरवायचा, वजा क्ष म्हटलं की ती संख्या शून्याच्या खालचीच असणार म्हणायचं, गुणाकारानं संख्या वाढतेच आणि भागाकारानं घटतेच अशी समजूत धरून बसायचं… एकेक गाठ ते हातात घ्यायचे आणि सुटेपर्यंत सोडायचे नाहीत.

ते एकदा म्हणाले होते, “ढ पोरगं कायबी उत्तर देतंय आसं म्हंत्यात. कायबी देत न्हाई. पलूसचं पोरगं आनि जतचं पोरगं, एकमेकाला वळखत न्हाईत, तरी चूक तीच करत्यात. म्हंजे ती चूक त्यांच्या डोस्क्यातनं उगवलेली न्हाई, कुनीतरी पेरलीया.”

कुणी पेरली हे त्यांना माहीत होतं. गणिताच्या विभागप्रमुखांनी एक गाइड लिहिलं होतं आणि ते साऱ्या सांगलीभर खपत होतं. ‘का’ हा शब्द त्या पुस्तकात शोधून सापडला नसता. त्यात नियम होते: वरचं खालचं काटा, कंस फोडा, संख्या पलीकडं न्या आणि चिन्ह बदला. बिरूनं या पुस्तकावरून दोन क्ष बरोबर दहा हे समीकरण सोडवलं होतं. दोन पलीकडं नेले, चिन्ह बदललं, दहा वजा दोन, क्ष बरोबर आठ. सरांनी ते गाइड मेलेला उंदीर शेपटीला धरावा तसं दोन बोटांत धरलं. “पलीकडं म्हंजे कुठं? सांगलवाडीला? नदी वलांडून गेला का ह्यो दोन?” वर्ग हसत होता, पण सर हसत नव्हते. “ह्याची शिसारी येती मला. तुमच्या चुकीची न्हाई येत. तुमी इचार करून चुकताय. ह्यानं इचारच करू दिला न्हाई.” हे बोलणं प्रमुखांच्या कानावर जायला संध्याकाळही लागली नसणार.

हिवाळ्यात स्नेहसंमेलन झालं. फिशपाँडचा कार्यक्रम प्रमुख स्वतः घ्यायचे. एकेकाचं नाव पुकारून चेष्टेचा मजकूर वाचायचा आणि वर एखादी भेटवस्तू द्यायची. त्या साली वडील सुट्टीवर आले होते. लेकीचं कॉलेज बघायचं म्हणून धुतलेला गणवेश घालून, मिशीला पीळ देऊन मधल्या रांगेत बसले होते. आणि प्रमुखांनी माझं नाव घेतलं. “पलूसच्या कुमारी शेवंता यांस सप्रेम. अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश! यांच्याशी लग्न करणाऱ्या पूर्णांकाचा लवकरच अपूर्णांक होवो!” आणि कापून तुकडा काढलेला एक भोपळा त्यांनी वर धरला. सहामाहीचा पेपर त्यांनीच तपासला होता, उत्तर तिथून उचललेलं. मांडव हसून कोसळला. मी स्टेजवर गेले. न जाण्याची हिंमत त्या वयात नसते. भोपळा हातात घेतला आणि वळले, तर माझे वडील उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यांना अपूर्णांक कळला नव्हता. हिंदी-पंजाबी बोलणाऱ्या पलटणीत उमर गेलेला माणूस. नाव पुकारलं, स्टेजवर बोलावलं, हातात काहीतरी दिलं, म्हणजे लेकीला बक्षीस मिळालं एवढंच त्यांना समजलं. त्यांना पाहून लोक आणखी हसले. ते आणखी जोरात टाळ्या वाजवू लागले…

मगदूम सर स्टेजवर कधी चढले ते मला दिसलं नाही. त्यांनी माईक घेतला आणि शांतपणे विचारलं, “हे उत्तर या मुलीनं कसं काढलं, हे इथल्या कुणा प्राध्यापकाला सांगता येईल?” मग त्यांनीच सांगितलं. चाचण्यांचे मार्क, दोनपैकी एक, तीनपैकी एक. “ही बेरीज जगात रोज केली जाते आणि ती बरोबर असते. ती कुठं चालते नि कुठं चालत नाही, हे शिकवायचं काम आपलं होतं. ते आपण केलं नाही आणि भोपळा मात्र विकत आणला.” मागून शिट्ट्या सुरू झाल्या. सर प्रमुखांकडं वळले. “आता मी तुम्हाला एक विचारतो. संख्या पलीकडं गेली की तिचं चिन्ह का बदलतं?”

“का म्हणजे?” प्रमुख माईककडं वाकून म्हणाले. “नियम आहे!”

आणि टाळ्या त्या उत्तराला पडल्या. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. कुणीतरी माईक बंद केला, रेकॉर्ड लावली. सर तसेच बोलत राहिले, ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. मग ते खाली आले, माझ्या हातातला भोपळा काढून घेतला आणि मांडवाबाहेर गेले.

वडिलांना मी दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणाले, “मी टाळ्या वाजिवल्या की गं, शेवंते.” त्या माणसानं लढाई पाहिली होती. इतका पडलेला चेहरा मी त्यांचा त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. पलूसची गाडी सोडून ते मला घेऊन सरांच्या बिऱ्हाडी गेले. दारातच म्हणाले, “मास्तर, पोरीला जमत नसंल तर सांगा. घरला न्हेतो. हितं हसं करून घ्याय न्हाई ठेवायची मला.” सरांनी त्यांना आत बसवलं, पाणी दिलं. “तिला जमत न्हाई आसं कोन म्हंतंय? तिला चुकीचं शिकिवलंय, आनि तिनं ते मन लावून शिकलंय. मन लावून शिकनारं पोरगं घरला न्हेत्यात व्हय, आवं?” वडील उठले, त्यांनी सरांना फौजेतला सलाम ठोकला आणि मला तिथंच सोडून गावी गेले.

पुढच्या वर्षी दवाखाना बंद झाला. कारण दिलं नाही. सरांची नेमणूकही पुढं चालू ठेवली नाही. त्यालाही कारण नव्हतं. हंगामी माणसाला कारण द्यावं लागत नाही. बिरू तोवर कॉलेज सोडून मेंढरांमागं गेला होता. मी काठावर पास झाले आणि तारखात्यात लागले. सर साताऱ्याला एका शाळेत गेले. त्यांची पत्रं येत, त्यात तब्येतीची चौकशी दोन ओळी आणि बाकी कुणा मुलानं केलेली एखादी नवी चूक. चूक फारच सुंदर असली तर खाली रेघ मारलेली.

शेवटचं भेटले ते साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात. कावीळ पार भिनली होती, डोळे हळदीसारखे. मला वाटलं होतं धीराचं काही बोलतील. पण ते कडवट झाले होते. “नवा आकृतिबंध आला,” म्हणाले, “दहावी-बारावी आली, पुस्तकाची कव्हरं बदलली. परवा मेढ्याहून एक पोरगी आली हुती. हुशार. तिनंबी क्ष पलीकडंच न्हेला. मी म्हनलं, का? तर म्हंती, सर, न्यायचाच आसतोय.” मान भिंतीकडं वळवली. “शिसारी आली मला, शेवंता. तिची न्हवं. माजी. इतकी वर्सं मी नुसतं फडकं मारत हुतो आनि लोक मागनं घाण टाकत हुते.” मी काही बोलायचं म्हणून म्हणाले, मी तरी शिकले ना, सर. ते म्हणाले, “तू एकलीच,” आणि डोळे मिटले. मला ते कौतुक वाटलं नाही. ते कौतुक नव्हतंच.

आणि मग ती शोकसभा. ज्या कॉलेजनं त्यांना कारण न देता घालवलं, त्याच कॉलेजनं घेतली. तसबिरीला हार, उदबत्ती, स्टेजवर तेच लोक. प्रमुख आता निवृत्त झाले आहेत, गाइडची नवी आवृत्ती निघाली आहे. ते बोलायला उभे राहिले. मगदूम सर म्हणजे गणितातले ऋषी होते म्हणे. आम्ही दोघं सहकारी नव्हतो, सख्खे भाऊ होतो म्हणे. मग वातावरण जरा हलकं करावं म्हणून हसून म्हणाले, “कसली कसली मुलं त्यांच्या वाट्याला यायची! एक होती, अर्धा अधिक एक तृतीयांश म्हणजे दोन पंचमांश म्हणायची! अशा दगडांना सरांनी…” सभा हसली. सरांच्या तसबिरीसमोर बसून हसली.

मी उभी राहिले. “ते उत्तर माझं होतं,” मी म्हणाले. “आणि ते कसं आलं, हे तुम्हाला सरांनी याच कॉलेजात सांगितलं होतं.” मला वाटलं, आता निदान खाली बघतील. प्रमुखांनी दोन्ही हात पसरले. “अरे वा! बघा, बघा! ही बघा सरांची किमया! आणि आपल्या कॉलेजची! ताई, आपण आता कुठं असता?” लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या बाईंनी कौतुकानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी चप्पल घातली आणि बाहेर आले.

गेल्या रविवारी सरांच्या आईला, अव्वांना घेऊन साताऱ्याला गेले. सरांची खोली रिकामी करून द्यायची होती. लग्न त्यांनी केलं नव्हतं, सामान थोडंच: एक पेटी, स्टोव्ह, पुस्तकं. आत गेलो तर घरमालक स्वतः कुंचला घेऊन भिंतीला चुना देत होते. खोलीची एक अख्खी भिंत सरांनी फळा करून टाकली होती. टॉर्चच्या जुन्या सेलमधली काळी पूड कालवून स्वतः सारवलेली, पोरांना हात पुरावा म्हणून अगदी जमिनीपर्यंत. शाळा सुटली की आसपासची मुलं इथं येत. मालक वैतागलेले होते. “चांगली भिंत घाण करून ठेवली मास्तरांनी,” ते म्हणाले. “दोन हात मारले, तरी वाळलं की काळं वर येतंयच. आता तिसरा मारतो.”

अव्वा भिंतीजवळ गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही. खालच्या बाजूला, जिथं कुंचला अजून पोचला नव्हता, कुणा लहान मुलाच्या हातची वेडीवाकडी बेरीज होती, उत्तर चुकलेली. त्यावर फुली नव्हती. अव्वांनी मला विचारलं, “हे त्येचं अक्षर हाय का गं?”

मी खाली बसून पाहिलं. बेरीज मुलाची होती. तिच्या शेजारी, बारीक खडूनं, एवढंच लिहिलेलं होतं: ‘कसं?’

“हे हाय, अव्वा,” मी म्हणाले. मालक बादली घेऊन शेजारी येऊन उभे राहिले होते. अव्वा भिंतीसमोर बसल्या, पदर सावरला, आणि उठल्या नाहीत.